४५० वॅटचा एसएमपीएस, दहा महिने आणि एक आखूड वायर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) चांगला आहे, घ्या. फक्त त्याची साटाची, म्हणजे डिस्क-रायटरना वीज देणारी, वायर आखूड आहे. दहा महिने झाले, माझा राग अजून गेलेला नाही.

मशीन जुनं. २०१६ साली जोडून घेतलेलं. आय५-६४००, एच११० बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. ग्राफिक कार्ड नाही. त्यावर मुलीचे प्रोजेक्ट होतात, हिच्या शिकवणीचे पेपर टाइप होतात आणि ८४ फ्लॅटच्या आमच्या सोसायटीची बिलं निघतात. मी खजिनदार आहे. वार्षिक सभेला उशिरा पोचलो त्याची शिक्षा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पीसी मधेच बंद पडायला लागला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, फुंकर मारून दिवा विझवावा तसा. कधी दोन तास चालायचा, कधी दहा मिनिटं. बिलं काढताना हमखास. डोंबिवलीतल्याच एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॅबिनेटचं झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. "साहेब, बोर्ड गेलाय. आता याचा बोर्ड मिळत नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळंच घ्यावं लागेल. बावीस हजार धरून चाला." मल्टीमीटर सोडा, साधा टेस्टरसुद्धा खिशातून बाहेर काढला नाही. व्हिजिटचे तीनशे मात्र घेतले.

त्या तीनशेपायी मी पेटलो आणि पुढचं सगळं घरी केलं.

काय केलं ते ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगतो, म्हणजे तुम्ही उलट क्रमाने कराल. आधी रंगाच्या ब्रशने धूळ काढली. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या. हा उपाय आपल्याकडे क्रोसिनसारखा आहे, दुखणं कुठलंही असो. मग प्रोसेसरवरची पेस्ट. नऊ वर्षांत ती पानाच्या डब्यातल्या वाळक्या चुन्यासारखी झाली होती, स्पिरिटने पुसून नवी लावली. मग बोर्डावरचा बटण सेल, सीआर२०३२ बदलला. एवढं करून पीसी सतरा मिनिटांनी बंद पडला.

याच सुमारास सवलतीचा सेल लागला होता, त्यात ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीशिवायची, वेगवान डिस्क) आणि ८ जीबीची आणखी एक रॅम घेतली. दोन्ही मिळून पाच हजारांच्या आतच. डोक्यात असं की मशीन म्हातारं झालंय, जरा हलकं केलं तर सुधारेल. विंडोज नव्याने टाकलं. नेट लागेना म्हणून बोर्डाबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी शोधली, तर ती सापडेना. कपाट, माळा, फाइलींचा गठ्ठा, सगळं झालं. दिवाळीच्या साफसफाईत हिनेच टाकली असणार, असं मी बोलून गेलो. त्यावरून दोन दिवस घरात शांतता होती. शेवटी मोबाइल यूएसबीने जोडून ड्रायव्हर उतरवले.

एसएसडीने मशीन सुसाट झालं हे खरं. आधी दोन मिनिटांनी चालू व्हायचं आणि मग बंद पडायचं, आता वीस सेकंदांत चालू व्हायचं आणि मग बंद पडायचं.

एसएमपीएसवर संशय नव्हता असं नाही. त्याची ती प्रसिद्ध चाचणी मी केली होती: मोठं २४ पिनांचं टोपण बोर्डापासून सोडवायचं, यू-पिन सरळ करून तिने हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडायची. पंखा फिरला. म्हटलं, एसएमपीएस ठणठणीत. भाचा हार्डवेअरमधला आहे, तो फोनवर हसला. "मामा, पंखा फिरला म्हणजे तो जिवंत आहे एवढंच कळलं. ओझं उचलतोय का ते बघ."

मग साडेतीनशेचा मल्टीमीटर आणला. पीसी चालू ठेवून, जुन्या चार पिनांच्या रिकाम्या टोपणात काळी आणि पिवळी मोजली. पिवळीवर १२ व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. नुसता बसलेला असताना ११.७ दिसले. मग एकदम वीस-पंचवीस टॅब उघडले, व्हिडिओ लावला, एकीकडे मोठी फाइल झिप करायला टाकली. ११.३. ११.१. १०.९ दिसले आणि खट्ट.

त्या रात्री मी जुन्या एसएमपीएसचं स्टिकर पहिल्यांदा नीट वाचलं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला नग. वर ठळक ४५०. खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या पुढे १६ अँपिअर. आता १२ गुणिले १६ किती? १९२. पीसीतलं जवळजवळ सगळं खरं काम १२ व्होल्टवर चालतं, आणि तिथे हा गडी नवा असतानाही १९२ वॅटचाच होता. बाकीचे आकडे ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवून बेरीज फुगवलेली. असा ताळेबंद मी सभेपुढे ठेवला असता तर मला खाली उतरवलं असतं.

(तो उघडून आत बघायचा मोह मी आवरला, तुम्हीही आवरा. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच बसून राहतात.)

मार्चमध्ये लॅमिंग्टन रोड गाठला. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, मग चालत. काउंटरवरचा मुलगा ६५० वॅटच्या खाली यायला तयार नव्हता. "पुढे ग्राफिक कार्ड टाकाल तेव्हा?" माझा प्रोसेसर ६५ वॅटचा, पुढे काही टाकणार नाही, हे त्याला तीनदा सांगितलं. शेवटी ब्राँझवाला (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा) ४५० घेतला, २,९५० ला. याच्या स्टिकरवर १२ व्होल्टला ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट. ४५० मधले ४३२. हातात घेतला तेव्हा वजनातच फरक कळला. जुना त्याच्यापुढे खोका वाटत होता.

घरी येऊन अर्ध्या तासात बसवला. पिवळीवर १२.१, सगळं एकदम चालवलं तरी १२.०. त्या दिवसापासून पीसी आपणहून एकदाही बंद पडलेला नाही. पंखा चालू आहे का हे बघायला मागे हात धरावा लागतो. मार्च एंडची बिलं एका बैठकीत काढली.

आता वायर.

जुन्या एसएमपीएसला साटाची दोनच टोपणं होती. एसएसडी लावताना मी डीव्हीडी रायटरचं टोपण काढून तिला दिलं होतं. नव्यात तीन आहेत म्हटल्यावर रायटर परत लागेल असा भरवसा होता. तीन आहेत, पण तिन्ही एकाच वायरवर, दहा-दहा सेंटीमीटर अंतराने. रायटर कॅबिनेटच्या वरच्या खणात, हार्ड डिस्क खालच्या पिंजऱ्यात. पट्टी लावून मोजलं. पहिल्या टोपणापासून तिसऱ्यापर्यंत २०, मला लागतात २६. सहा सेंटीमीटर! एसएसडी मधे डबल टेपने चिकटवली, तिच्यात फिरणारं काही नाही, ती कुठेही लटकेल. हार्ड डिस्क तशी लटकवता येत नाही आणि पिंजऱ्याला वरती भोकं नाहीत. तीन हजारांच्या वस्तूत सहा सेंटीमीटर वायर वाचवून कुणाचं घर उभं राहिलं? डीव्हीडी आता कोण बघतं, हे मला सांगू नका. मुलीच्या बारशाची डीव्हीडी आहे.

जुन्या चार पिनांच्या टोपणाला लावायचा कन्व्हर्टर मिळतो, माहीत आहे. पण बाजारात सर्रास मिळतो तो एकसंध प्लॅस्टिक ओतून केलेला. त्यात आतल्या वायरी एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं बरीच आहेत, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला आपला डेटा असतो. नाही लावला.

सुरुवातीचा निकाल सोडला तर इथवरचं मे अखेरीस लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. बरं झालं, कारण जूनमध्ये माझं मत पार फिरलं.

पहिल्या पावसाबरोबर लाईट जायला लागली. लाईट गेली की यूपीएस (पीसीला बॅटरीवर चालू ठेवणारा डबा) टक्क वाजतो, एक बीप देतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. जुन्या एसएमपीएसवर हे एकदाही झालं नव्हतं. तोच यूपीएस, ६०० व्हीएचा, ३६० वॅटचा. तेव्हा गुन्हेगार नवाच. दुकानात फोन केला. "साहेब, यूपीएस बदला." मी म्हटलं, माल तुमचा खराब आणि यूपीएस मी बदलू? आवाज चढला. त्याचाही चढला. बदलून हवा असेल तर कंपनीच्या सेंटरला जा, आमच्याकडे सात दिवसांनंतर काही होत नाही, म्हणाला. सेंटरने ठेवून जा म्हटलं, तपासायला पंधरा दिवस. पंधरा दिवस बिनबिलाची सोसायटी! परत आणला.

भाच्याने विचारलं, जुन्या एसएमपीएसच्या मागे व्होल्टेज निवडायचं ११५-२३० चं लाल बटण होतं का? होतं. नव्यावर आहे? नाही. मग तो अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (आत येणारी वीज एकसारखी ओढणारी सोय असलेला), म्हणाला. थोडक्यात असं की अशा एसएमपीएसला गुळगुळीत लाटेची वीज आवडते, आणि आपले स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की पायऱ्या-पायऱ्यांची, चौकोनी लाट देतात. शिवाय यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस तेवढी कळ काढतो, सोळा-सतरा मिलिसेकंद, त्याच्या आतल्या कपॅसिटरच्या जिवावर. पण त्यानंतर मिळालेली वीज धड नसेल तर तो सरळ मान टाकतो. जुन्याला कशाचंच काही नव्हतं, मिळेल ते खायचा.

"आधी तुमची बॅटरी तरी धड आहे का बघा," भाचा म्हणाला.

माळ्यावरून जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब काढला, होल्डरला वायर जोडून यूपीएसला लावला आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटला. बल्ब मिणमिणला, लालसर झाला, आणि चाळीस सेकंदांत यूपीएसने डोळे मिटले. तळाचे स्क्रू काढले. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी २०२१ ची, कडेने फुगलेली, बाहेर निघता निघेना. या बॅटऱ्या दोन-तीन वर्षं नीट चालल्या तरी खूप. नवी ९५० ला आली, जुनीचे दीडशे वळते केले. लाल वायर लालला, काळी काळीला, झालं.

तेव्हापासून मी नोंद ठेवली आहे (खजिनदाराची खोड). डिसेंबर अखेरपर्यंत पीसी चालू असताना २३ वेळा लाईट गेली. रीस्टार्ट एकदा. त्या एका वेळी मुलीने लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटमध्ये खोचला होता. प्रिंटरचा हीटर एकटाच ३६० वॅटला पुरून उरतो, त्यात एसएमपीएसने काय करायचं?

तर एसएमपीएसबद्दल मी चुकीचं ठरवलं होतं. दुकानदाराबद्दलही. त्याला फोन करून सांगावं असं दोनदा वाटलं, केला नाही.

रॅमचं मात्र भलतंच झालं. गरज नसताना, चुकीच्या निदानावर घेतलेली ८ जीबीची स्टिक १,६५० ची. डिसेंबरमध्ये भावाच्या पीसीसाठी तशीच विचारली तर दुपटीहून जास्त भाव सांगितला, तोही "आज घेतलीत तर". एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचललाय. मायक्रॉनने तर क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. माझ्या आयुष्यातली ही एकमेव गुंतवणूक जी चुकून बरोबर ठरली.

विंडोज ११ चं विचारू नका. माझी आय५ ची सहावी पिढी त्याच्या यादीत नाही, आठवीपासून पुढे हवी. आणि सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची खोबण) तोच ११५१ दिसतो म्हणून कुणी आठव्या पिढीचा प्रोसेसर या बोर्डात बसवायला देत असेल तर घेऊ नका, एच११० वर तो चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मी त्यानंतरच्या वाढीव सुरक्षा अपडेट्सना नाव घातलंय, एक वर्ष निघेल.

वायरीचा निकाल गेल्या आठवड्यात लागला. लॅमिंग्टन रोडलाच एका फळीवाल्याकडे वेगळा कन्व्हर्टर मिळाला, ज्यात प्रत्येक वायर सुटी दिसते आणि पिन दाबून बसवलेली असते. ८० रुपये. रायटर जोडला, दिवा लागला, बटण दाबलं. ट्रे आतल्या आत कुरकुरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा कुरकुर. आतला रबरी बेल्ट सैल झालेला असणार. शेवटी पीसी बंद केला, एसएमपीएसच्या चाचणीतली तीच यू-पिन ड्रॉवरमधून काढली आणि रायटरच्या तोंडावरच्या बारीक भोकात घालून दाबली. ट्रे बोटभर बाहेर आला, बाकीचा हाताने ओढला.

आत सीडी होती. मदरबोर्डच्या ड्रायव्हरची.

हिला अजून सांगितलेलं नाही.