टॉवर नसलेल्या वायरलेस नेटवर्कमध्ये मेसेजने हॉप-हॉप (एका उपकरणावरून दुसऱ्यावर उड्या मारत) जायचं की टोळी करून?
संशोधक गुप्ता आणि कुमार यांनी 2000 साली दाखवलं की मेसेज शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे ढकलत नेला तर नोड (नेटवर्कमधली उपकरणं) 100 चे 10,000 झाले तरी नेटवर्कची एकूण कपॅसिटी (किती डेटा वाहू शकतो ते) साधारण 10 पटच वाढते, म्हणजे प्रत्येकाचा वाटा उलट दहावाच उरतो, कारण जो तो दुसऱ्याचीच हमाली करतोय. 2007 मध्ये ओझगुर, लेवेक आणि त्से यांनी टोळ्या केल्या, टोळी मिळून एका मोठ्या अँटेनासारखी बोलते, नोड दाटीवाटीने असतील तर कपॅसिटी जवळपास नोडच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. कागदावर भारी! नोड दूरदूर पसरलेले असतील आणि सिग्नलची पॉवर अंतराच्या घनापेक्षा जोरात पडत असेल तर हॉपच बरे. पण इकडे नोडची गर्दी तिकडे शुकशुकाट असेल तर हॉप करताना मधल्या रिकाम्या पट्ट्याच्या काठावरचा एकटा नोड धापा टाकतो, तिथे माझं मत टोळीलाच.