वजन न वाढणाऱ्या बाळाला: नेहमीची पावडर घट्ट करायची, की जास्त ऊर्जेचा फॉर्म्युला?

खानापूरहून मावसबहिणीचा फोन आला. पाच महिन्यांचं बाळ, डब्याच्या दुधावर, अंगणवाडीच्या काट्यावर वजन हलेना. शेजारीण म्हणते, 'एक चमचा पावडर जास्त टाक की गं.' बेळगावच्या डॉक्टरांनी जास्त ऊर्जेचा फॉर्म्युला सुचवलाय. काय करू?

आधी मी तिला दूध करून दाखवायला सांगितलं. व्हिडिओत दिसलं, डब्यावर ३० मिलीला सपाट एक चमचा लिहिलंय आणि ही बाई डबा जास्त दिवस पुरावा म्हणून चमच्याला ४५ मिली पाणी घालतेय! निम्मं दुखणं तिथेच. हे डॉक्टरांनाही सांग म्हटलं.

ऊर्जा: नीट केलेल्या साध्या दुधात १०० मिलीला साधारण ६७ कॅलरी, खास फॉर्म्युल्यात १००च्या आसपास. म्हणजे थोडं पिऊन जास्त मिळतं. प्रथिनंही त्याच बेताने वाढवलेली असतात. साध्या दुधात तेल घातलं तर कॅलरी वाढतात, प्रथिनं नाहीत.

चूक: मनानेच पावडर वाढवली तर क्षारांचा भार वाढतो, जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी पडतं. उन्हाळ्यात तर नकोच.

खर्च: खास फॉर्म्युला महाग, गावात सहसा मिळत नाही, मागवावा लागतो.

बाळ पोटभर पीत असेल तर आधी साधं दूध बरोबर मापाने द्यावं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा वजन करावं. थोडं पिऊनच दमत असेल, हृदयाचा आजार असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली खास फॉर्म्युला. लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडलं तर तुलना करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.