राणीची बाग: पिंजरे नंतर बघा, आधी झाडं

भायखळ्याच्या राणीच्या बागेत बहुतेक जण पेंग्विन बघायला जातात, आणि तिथेच गणित चुकतं. १८६२ सालची ही बाग, म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, तिच्या जुन्या झाडांसाठी बघावी. मुंबईत एका कुंपणात इतकी निरनिराळी झाडं दुसरीकडे मिळणं कठीण.

सकाळी साडेनऊला दार उघडतं, तेव्हाच आत शिरा. हम्बोल्ट पेंग्विन थंड केलेल्या काचघरात आहेत आणि रविवारी तिथली रांग निम्मी सकाळ खाते. ते बघायचेच असतील तर दार उघडल्याबरोबर आधी तिकडे जा, किंवा शनिवार-रविवार सोडून कामाचा वार निवडा. त्यानंतर मात्र पिंजऱ्यांच्या पाट्या सोडून चाल मंद करा.

फुलझाड शोधायचं तर वर बघण्याआधी जमिनीकडे बघावं, कारण उंच झाडाचा फुलोरा पानांत लपतो पण खाली पडलेला सडा लपत नाही. कैलासपतीचं उलट आहे. त्याची फुलं थेट खोडातून लोंबणाऱ्या दांड्यांवर येतात, अगदी डोळ्यांसमोर. सहा जाड गुलाबी पाकळ्या, त्यांवर पुंकेसरांचा नागफणीसारखा वाकलेला पडदा आणि आत पिंडीसारखा उंचवटा. वास उग्र गोड. मुलांना त्याच्या खाली फार वेळ उभं करू नका, फळ तोफगोळ्याएवढं आणि तितकंच टणक असतं.

गोरखचिंच म्हणजे आफ्रिकेचा बाओबाब. उन्हाळ्यात निष्पर्ण दिसली की लोक झाड मेलं समजून पुढे जातात. खरं तर हे झाड फुगीर खोडात पाणी साठवतं आणि कोरड्या दिवसांत पानं टाकून ते राखतं. ती हिरवीगार बघायची तर पावसाळ्यात या. उर्वशीसाठी मात्र हिवाळ्याचा शेवट गाठावा. ब्रह्मदेशातलं हे झाड, लाल-पिवळ्या फुलांची झुंबरं लोंबतात. कोवळी पानंही तांबूस, मलूल होऊन खाली लटकलेली असतात. तो रोग नाही, पान कडक होईपर्यंत ती तशीच राहतात.

तिकीट २०१७ पासून मोठ्यांना ५० आणि मुलांना २५ रुपये. आईवडील आणि दोन मुलं मिळून १००. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, त्यामुळे सुट्टीच्या आठवड्यात चौकशी करूनच निघा. भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून चालत दहा-पंधरा मिनिटं. तिकीटखिडकी बाग बंद होण्याच्या बरीच आधी मिटते, संध्याकाळी उशिरा पोहोचण्यात अर्थ नाही.

शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय वेगळ्या तिकिटाचं आहे आणि तेही बुधवारी बंद. त्याच्या आवारातला काळ्या दगडाचा हत्ती जवळ जाऊन बघा: तो मूळचा घारापुरी बेटावरचा, आणि घारापुरीला एलिफंटा हे नाव याच्यामुळेच पडलं.