नाईट स्कीइंगचं पॅकेज घेताय? आधी हे वाचा

रात्रीच्या स्कीइंगला किंवा स्नोबोर्डिंगला कुणी जाणार असाल तर प्लीज हे पूर्ण वाचा, कारण आमचे पैसे तर गेलेच पण बायकोचा गुडघा थोडक्यात वाचला आणि त्याचा राग अजून डोक्यातून जात नाहीये.

झालं असं की सोशल मीडियावर आम्ही जाणार होतो त्या स्की रिसॉर्टचंच नाव आणि लोगो लावलेलं एक पेज दिसलं. नाईट पॅकेज, त्यात लिफ्ट पास (उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचा), स्की किंवा स्नोबोर्ड, बूट, हेल्मेट, गॉगल्स, शिकवायला इन्स्ट्रक्टर सगळं आलं, आणि वर मोठ्या अक्षरात की रात्री पूर्ण डोंगर खुला. मेसेजवरचा माणूस एकदम अदबीने बोलायचा, काहीही विचारा लगेच उत्तर. अर्धे पैसे बँक ट्रान्सफरने घेतले, उरलेले माझ्या भावाने त्याच्या लिंकवर कार्डने भरले. काउंटरला फार रांग असते, पास आणि सामान मीच पार्किंगमध्ये आणून देतो असं म्हणाला, आता लांबून आलेल्या माणसाला हे सोयीचंच वाटणार ना.

पार्किंगमध्ये व्हॅनमधून घाईघाईत सामान काढून दिलं, हातात प्लास्टिकची कार्डं ठेवली, चालू आहेत फक्त जॅकेटच्या खिशात ठेवा गेट आपोआप उघडेल म्हणाला, इन्स्ट्रक्टर वर भेटेल म्हणाला आणि गेला. गेट खिशातलं कार्ड वाचतं हे खरंच आहे, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. गेटवर माझ्या कार्डाला लाल दिवा. तो दिवसाचा पास निघाला, संध्याकाळी दिवसाचं सेशन संपलं की तो बंद, रात्रीचा वेगळा काढावा लागतो. भावाचं कार्ड मात्र चाललं, हिरवा दिवा लागला, फाटक उघडलं, आणि तेवढ्यात लिफ्टवर उभ्या असलेल्या मुलाने हातातली स्क्रीन बघून त्याला बाजूला घेतलं. स्क्रीनवर फोटो होता पांढरी दाढी असलेल्या एका आजोबांचा! माझा भाऊ विशीतला. कुणीतरी बरेच दिवसांचा पास काढून आधीच घरी निघून गेला असणार आणि त्याचे उरलेले दिवस या माणसाने आम्हाला विकले. असा पास ज्याच्या नावावर असतो त्यानेच वापरायचा असतो, त्यामुळे कार्ड तिथल्या तिथे जप्त केलं, आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर आम्हालाच चोरासारखी उत्तरं द्यायला लागली.

इथपर्यंत फक्त पैशांचं होतं. खरा संताप पुढचा आहे.

आम्ही गेटवर अडकलेलो तेव्हा बायको खाली नवशिक्यांच्या सपाट भागात स्की घालून उभं राहायचा प्रयत्न करत होती, तिथे पास लागत नव्हता. हळूच घसरली, पडली, अगदी साधं पडणं, पण स्की बुटातून सुटलीच नाही आणि पाय तसाच पिळला गेला. पडल्यावर जोर आला की बाइंडिंगने, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीने, बूट सोडायचा असतो, त्यासाठीच ते असतं. किती जोराला सोडायचं ते माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी आणि तो किती सराईत आहे हे बघून ठरवतात, त्याला डीआयएन सेटिंग म्हणतात. मदतीला आलेल्या स्की पॅट्रोलच्या (उतारावरच्या बचाव पथकाच्या) माणसाने बर्फ पुसून बाइंडिंगवरची छोटी खिडकी दाखवली, आत आकडा होता 8. तो म्हणाला हिच्यासारख्या नवशिक्या आणि हलक्या माणसाला याच्या निम्म्याच्या आसपास हवा होता. त्या व्हॅनवाल्याने आम्हाला वजन विचारलंच नव्हतं. चांगल्या रेंटलमध्ये हे फॉर्मवर भरून घेतल्याशिवाय स्की हातात देतच नाहीत, तुम्हाला कुणी वजन न विचारता स्की दिली तर तिथूनच मागे फिरा. स्नोबोर्डची बाइंडिंग पडल्यावर सुटत नाहीत, तिथे बूट नीट आवळलेले आहेत का आणि स्क्रू हलतायत का ते हाताने बघा. भावाच्या बोर्डचा एक स्क्रू बोटाने फिरत होता.

बाकीचं सामान पण तसलंच. गॉगल्सवर एस3 लिहिलेलं, ती भर उन्हासाठीची गडद काच, त्यातून जेमतेम 8 ते 18 टक्के प्रकाश आत येतो. फ्लडलाइटच्या उजेडात ती घातली तर समोरचा उंचवटा पण दिसत नाही. रात्री एस0 किंवा एस1 पाहिजे. आणि स्की-बोर्डच्या कडांना धार नावालाही नव्हती. दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठून काचेसारखा कडक होतो, त्यावर बोथट कडा पकडतच नाहीत.

रिसॉर्टच्या काउंटरवरची बाई मात्र खूप चांगली, तिने नकाशा काढून दाखवलं की रात्री फक्त दिवे लावलेले थोडेच उतार आणि थोड्याच लिफ्ट चालू असतात. जपानमधलं निसेको घ्या किंवा कॅनडातलं ग्राऊस माउंटन, नाईट स्कीइंग असतं तिथे बहुतेक असंच असतं, कुठले उतार चालू ते ज्याच्या त्याच्या अधिकृत वेबसाइटवर मिळतं. म्हणजे पूर्ण डोंगर खुला लिहिलंय तिथेच शंका घ्या आणि वेबसाइटवर तपासा.

इन्स्ट्रक्टर अर्थातच आलाच नाही, फोन बंद, पेजने आम्हाला ब्लॉक केलं आणि त्याच्या बाजूचे मेसेज पण उडवले. भावाला सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय आहे म्हणून पोलिसांना आणि बँकेला दाखवायला काहीतरी होतं. डॉक्टर म्हणाले लिगामेंट ताणलंय, तुटलं नाही, पट्टा लावून आराम करा. कार्डने भरलेले पैसे बँकेकडे चार्जबॅक (कार्डचा व्यवहार उलटवून पैसे परत) मागितल्यावर परत आले. ट्रान्सफर केलेले आले नाहीत, बँक म्हणते तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही खेचून आणू शकत नाही. रिसॉर्टने तक्रार केल्यावर ते पेज बंद झालं, पण तेच फोटो लावून दुसऱ्या नावाचं एक सुरू झालंय, त्यावर पण तेच, सामान पार्किंगमध्ये मिळेल. दिसलं तर रिपोर्ट करा, आणि कुणी बुक करत असेल तर त्याला हे पाठवा.