वॉटचा आकडा आणि माझी फसगत
खोक्यावर ठळक अक्षरांत १५० वॉट पाहिले आणि हा ७.२ होम थिएटर रिसीव्हर (सात स्पीकर आणि दोन सबवूफर जोडता येणारा अ‍ॅम्प्लिफायर) उचलला. घरी आल्यावर बारीक छपाई वाचली: हा आकडा ६ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचं माप) स्पीकरवर, एकच चॅनल (एका स्पीकरची वाट) चालू असताना! ८ ओहमवर दोन चॅनल चालवून मोजलेला आकडा निघाला ८०. खोली लहान म्हणून निभावलं, आवाज भरपूर आहे. डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी (वरूनही आवाज येणारी पद्धत) ५.१.२ जोडणी केली, म्हणजे पाच स्पीकर, एक सबवूफर आणि दोन वरचे स्पीकर, सातही अ‍ॅम्प्लिफायर कामी आले. माइक लावून कॅलिब्रेशन (खोलीनुसार आवाजाची आपोआप जुळणी) केलं, तर त्यानं माझे चिमुकले पुढचे स्पीकर चक्क ‘लार्ज’ (खोल बासही पेलणारे) ठरवले. हातानं ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर आणला, तेव्हा कुठे संवाद मोकळे झाले. ईआर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनं रिसीव्हरकडे आणणारी सोय) मात्र अधूनमधून रुसतं. आणि हो, बंद कपाटात ठेवू नका. माझा दोनदा तापून बंद पडला.