चांगली कॉइल निकामी ठरवून केलेली फसवणूक

जुन्या गाडीत स्पार्क (इंधन पेटवणारी ठिणगी) येत नसेल, तर मीटर न लावता सांगितलेल्या ‘कॉइल गेली’ या निदानावर पैसे मोजू नका. कॉइल म्हणजे बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीपुरता वाढवणारा भाग. माझ्याकडून वसूल केलेल्या बिलात 40 टक्के रक्कम कॉइलची, 25 टक्के डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोहोचवणाऱ्या भागाच्या) कॅपची व रोटरची, 20 टक्के प्लगच्या वायरींची आणि 15 टक्के मजुरीची होती. यातील एकही भाग बिघडलेला नव्हता.

गाडी सीबी पॉइंटची आहे, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच (पॉइंट) करतो. रात्रभर उभी असलेली ही गाडी सकाळी स्टार्टर फिरूनही सुरू होईना, म्हणून टोचन करून गॅरेजमध्ये न्यावी लागली. मेकॅनिकने आधी डिस्ट्रिब्युटर उघडून आत काहीतरी केले, मग प्लग काढून वायरीला लावला, रबरी टोपीला धरून तो हवेत उचलला आणि मदतनिसाला स्टार्टर मारायला सांगितले. ठिणगी पडली नाही. ‘नवी’ कॉइल बसवल्यावर मात्र त्याने तोच प्लग इंजिनच्या धातूला टेकवून धरला आणि लख्ख निळी ठिणगी पडली. प्लगच्या धातूच्या अंगाला अर्थ (इंजिनच्या धातूशी जोड) मिळाल्याशिवाय सर्किट पूर्ण होत नाही. कितीही उत्तम कॉइल असली तरी पहिल्या पद्धतीने त्या प्लगवर ठिणगी पडणारच नव्हती. (प्लग असा अधांतरी धरल्याने चांगल्या कॉइलचे आतले इन्सुलेशन फुटण्याचाही धोका असतो.) दोन्ही वेळा मी हातभर अंतरावर उभा होतो, आणि तो क्षण आठवला की आजही संताप अनावर होतो. परंतु ज्याला वेळेत कामावर पोहोचायचे आहे आणि ज्याच्या डोळ्यांसमोर ठिणगी पडत नाही, तो प्लग कशाला टेकला आहे हे पाहत बसत नाही. त्या मेकॅनिकला हे पक्के ठाऊक होते.

पुढे पॉइंटचा गॅप बसवताना दुसऱ्या मेकॅनिकला खरा दोष दिसला. पॉइंटकडे जाणाऱ्या बारीक वायरीचे आवरण झिजून ती डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला लागत होती, त्यामुळे पॉइंट उघडला तरी कॉइलचा प्रवाह तुटत नव्हता, आणि प्रवाह तुटल्याखेरीज स्पार्क तयार होत नाही. त्या जागी ताजी टेप गुंडाळलेली होती. म्हणजे दुरुस्ती आधीच उरकली होती आणि नंतरचे सारे नाटक होते.

बदललेले भाग मी मागून घेतले होते, तुम्हीही घ्याच. जुनी कॉइल मोजली, तर प्रायमरीचा (बॅटरीच्या बाजूच्या गुंडाळीचा) रोध 3 ओहम आणि सेकंडरीचा (प्लगच्या बाजूच्या गुंडाळीचा) 8,000 ओहम, म्हणजे बॅलास्टशिवाय (बाहेरून जोडलेल्या जादा रोधाशिवाय) चालणाऱ्या कॉइलला साजेसाच निघाला. त्यावर गॅरेजमालकाचे उत्तर असे, की कॉइल थंड असताना ठीक दाखवते आणि तापल्यावर दगा देते. असे घडते हे खरे. पण माझी गाडी थंड असतानाच बंद होती.

ग्राहक तक्रार कक्षाने हे ऐकून तज्ज्ञाचे लेखी प्रमाणपत्र मागितले. दोष शोधणारा मेकॅनिक आपल्याच धंद्यातील माणसाविरुद्ध सही करायला तयार नव्हता, आणि त्याची सही मान्यताप्राप्त गॅरेजची नसल्याने चाललीही नसती. पोलिसांनी हा देण्याघेण्याचा वाद असल्याचे सांगून परत पाठवले, तर परिवहन कार्यालयाने आपण केवळ गाडीची कागदपत्रे पाहतो असे म्हटले. बिल, जुनी कॉइल आणि मीटरचे आकडे टेबलावर ठेवूनही एकाही अधिकाऱ्याने ती कॉइल हातात घेतली नाही. मग तक्रार नोंदवण्याची खिडकी तरी कशासाठी उघडी ठेवायची?

कोणताही भाग बदलण्याआधी टेस्ट लॅम्पचे (दोन वायरी जोडलेल्या तपासणीच्या दिव्याचे) एक टोक कॉइलच्या मायनस टर्मिनलला आणि दुसरे इंजिनच्या धातूला लावून स्टार्टर मारायला लावा. दिवा लुकलुकला तर पॉइंट प्रवाह तोडत आहे. दिवा पेटलाच नाही, तर चावी चालू ठेवून त्या टर्मिनलवरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर काढायला सांगा. आता तो पेटला, तर अर्थ त्या वायरीत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आत लागला आहे आणि कॉइल बदलण्याचे कारणच नाही.