कृषिपंप मोबाईलच्या ब्राउझरशी जोडताना: चार पद्धतींचा तुलनात्मक आढावा

शेतातील मोटर घरबसल्या चालू-बंद करण्यासाठी मिस्ड कॉल किंवा एसएमएसवर चालणारे मोबाईल स्टार्टर आपल्याकडे रुळले आहेत, आणि रात्रीच्या पाळीत वीज येते त्या गावांत त्यांनी अंधारातले हेलपाटे वाचवले आहेत. मात्र मोटर खरोखर सुरू झाली का, तीनही फेज आहेत का, विहिरीचे पाणी उतरून ती कोरडी तर चालत नाही ना, हे सतत डोळ्यांसमोर राहण्यास एसएमएस अपुरा पडतो. म्हणून नियंत्रक पेटी थेट ब्राउझरशी जोडू पाहणारे शेतकरी गट आणि अशा पेट्या बनवणारे लघुउद्योजक यांच्यासाठी हा आढावा आहे. निवड करताना वेगाच्या आधी एक प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे: रेंज किंवा वीज गेल्यावर, आणि विशेषतः परत आल्यावर, ही जोडणी कशी वागते?

सर्वांत कमी खर्चाची पद्धत म्हणजे नियंत्रकातच वेब पान ठेवणे. ईएसपी३२सारखी चिप स्वतःचे वाय-फाय सुरू करते, आणि मोबाईल त्याला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ हा पत्ता टाकला की मोटरची स्थिती आणि बटणे दिसतात. सिमकार्ड, इंटरनेट, मासिक शुल्क काहीच लागत नाही. पण ही सोय विहिरीच्या आसपासच मिळते. शिवाय इंटरनेट नसलेले वाय-फाय दिसताच अनेक फोन परस्पर मोबाईल डेटाकडे वळतात आणि पान उघडतच नाही. साध्या एचटीटीपीवर, म्हणजे वेब पाने मागवण्याच्या कूटबद्ध नसलेल्या पद्धतीवर, चालणाऱ्या या पानाला ब्राउझर सुरक्षित मानत नाही, त्यामुळे त्यावरून फोनवर सूचना पाठवता येत नाहीत. दुसरी पद्धत वेब ब्लूटूथची, म्हणजे ब्राउझरमधील पानाने ब्लूटूथवरून थेट पेटीशी बोलण्याची. तिची मर्यादाही अंतराचीच आहे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये ते २०१७ पासून चालते, पण आयफोनवरील सफारीत आणि फायरफॉक्समध्ये नाही. पेटी बसवताना मोटरच्या अँपिअरची मर्यादा भरण्यासाठी ते उत्तम आहे. रोजच्या वापराचा आधार म्हणून ते धरू नये.

घरून नियंत्रण हवे असेल तर सिमकार्ड आले. येथे दोन गोष्टी आधी लक्षात घ्याव्यात. जिओचे टूजी जाळे नसल्याने केवळ टूजीवर चालणारे स्वस्त मॉड्यूल त्या सिमवर निरुपयोगी ठरते. आणि मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवत असल्याने पेटीला बाहेरून सहसा थेट गाठता येत नाही, संपर्काची सुरुवात पेटीनेच करावी लागते. ती दोन प्रकारे करता येते.

पहिला प्रकार म्हणजे एचटीटीपीने सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारणे. दर ५ सेकंदांनी विचारले तर दिवसाला १७,२८० विनंत्या होतात, आणि विनंती-उत्तर मिळून ५०० बाइट धरले तरी साडेआठ एमबीहून अधिक डेटा बहुतांशी ‘आदेश नाही’ एवढेच कळण्यात जातो. अंतर मिनिटाचे केले तर डेटा वाचतो, पण कोरडी चालणारी मोटर बंद करण्याचा आदेश मिनिटभर रेंगाळू शकतो. टाकीची पातळी पंधरा मिनिटांनी नोंदवायची असेल, तर मात्र हीच पद्धत सर्वांत सरळ आहे.

दुसरा प्रकार एमक्यूटीटीचा, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत छोटे संदेश पोहोचवण्याच्या नियमपद्धतीचा आहे. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तो उपग्रहामार्फत तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी तयार केला, म्हणजे महाग आणि बेभरवशाची जोडणी गृहीत धरूनच. पेटी ब्रोकर नावाच्या सर्व्हरशी एकदा जोडली जाते आणि ती जोडणी जिवंत आहे हे सांगणारा संदेश अवघा २ बाइटचा असतो. ब्राउझरला एमक्यूटीटी थेट बोलता येत नाही, पण वेबसॉकेटवरून, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, ते चालते. त्यामुळे घरातल्या तिघांच्या फोनवर मोटरची स्थिती एकाच वेळी बदललेली दिसते. जास्तीत जास्त किती वेळाने संदेश देईन याची ६० सेकंदांची मुदत पेटीने सांगितली असेल आणि ती दीडपट काळ गप्प राहिली, तर तिने आधीच सोपवून ठेवलेला ‘संपर्क तुटला’ हा संदेश ब्रोकर सर्वांना पाठवतो. पडद्यावर जुनेच ‘मोटर चालू’ दिसत राहण्यापेक्षा हे शंभर पटींनी प्रामाणिक आहे.

या पद्धतीचा धोकाही तिच्या सोयींतच आहे, आणि पेटी विकत घेणाऱ्याने तो नीट तपासावा. ब्रोकर शेवटचा संदेश जपून ठेवू शकतो. स्थितीसाठी ही सोय हवीच, परंतु ‘चालू करा’ हा आदेश तसाच जपला गेला तर वीज परतताच मोटर आपोआप सुरू होईल. फिडरवरच्या अनेक मोटरी अशा एकदम उठल्या की रोहित्रावर भार येतो. वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच टाळण्याचे आवाहन महावितरण करते ते याच कारणाने. एमक्यूटीटीच्या पाचव्या आवृत्तीत संदेशाला मुदत लावता येते, तेव्हा आदेश तीस सेकंदांत पोहोचला नाही तर तो रद्द व्हावा. तसेच ‘किमान एकदा पोहोचवणे’ या पातळीवर एकच संदेश दोनदा येऊ शकतो, म्हणून ‘स्थिती उलट करा’ असा आदेश कधीही ठेवू नये. ‘चालू’ आणि ‘बंद’ हे दोन वेगळेच असावेत.

घरून चालवायच्या मोटरसाठी मी एमक्यूटीटी आणि वेबसॉकेटची निवड करीन, आणि त्याच पेटीत वाय-फायवरचे स्थानिक पानही ठेवीन, कारण रेंज नसेल त्या दिवशी शेतात उभ्या माणसाला तेच उपयोगी पडते. प्रत्येक पेटीला स्वतंत्र पासवर्ड आणि टीएलएस (संदेश कूटबद्ध करणारी सुरक्षा) असल्याशिवाय ती ब्रोकरला जोडू नये. फेज जाणे आणि कोरडे चालणे यांपासूनचे संरक्षण कोणत्याही जोडणीवर न सोपवता पेटीतच असावे. ब्राउझरवरील सूचना आयफोनवर आयओएस १६.४ पासून, तेही पान होम स्क्रीनवर जोडले असेल तरच येतात. त्यामुळे मोटर अचानक बंद पडल्याची खबर देण्यासाठी एसएमएस सध्या तरी काढून टाकू नये.